सागवानी दारातली झडप

रविवारी लेक गाडी घेऊन येणार आणि बुटकीला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. बुटकी म्हणजे सुताराच्या घरची कुत्री. पाय आखूड, पोट जमिनीला टेकतंय की काय असं, आणि वयामुळे घडीघडी अंगणात जायची घाई. सुतार दिवसभर कारखान्यात. दार उघडायला उरली बायको, आणि तिच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

"दाराला खाली एक झडप करा, एवढंच म्हणतेय," ती कधीपासून सांगत होती.

"चांगल्या दाराला भोक पाडू?"

"मग माझ्या गुडघ्यालाच कडी बसवा. उघडझाप तोच करतोय."

ते दार सुताराने लग्नाच्या वर्षी जाड सागवानी फळ्या जोडून स्वतः केलं होतं. त्याला करवत लावणं त्याच्या जिवावर आलं होतं. पण शनिवारी सकाळी बायको बुटकीची वाटी धुऊन पिशवीत भरताना दिसली. पिशवीला गाठ मारायला तिनं उगाच वेळ लावला. सुतार उठला आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला लागला.

टेपवर त्याचा भरवसा नव्हता. लाकडाची पट्टी वस्तूशेजारी उभी धरायची आणि पेन्सिलीनं खूण करायची, ही त्याची रीत. बुटकीला बैठकीत उभं करून त्यानं पाठीची खूण घेतली, पोटाची घेतली. दार आडवं टाकलं, कोपऱ्यांत गिरमिटानं भोकं पाडली, करवत आत घातली. निघालेला तुकडा फेकवेना, म्हणून भिंतीशी उभा केला. मग कडा घासून जाड रबराची झडप बसवली आणि दार परत चढवलं.

बुटकीनं झडप हुंगली, डोकं घातलं आणि सुळकन बाहेर गेली.

"गेली की हो!" बायको खुर्चीतूनच म्हणाली.

थोड्या वेळानं झडप हलली. नाक आत आलं, परत गेलं. मग बाहेरून बारीक कुंई ऐकू आली.

"अहो, बाहेर पायरी खाली आहे ना! तिनं काय उडी मारायची?"

सुतार कपाळाला हात लावून उभा राहिला. "आयुष्यभर उतरतोय ती पायरी."

"पायांना ठाऊक आहे. तुमच्या पट्टीला कोण सांगणार? ती बसली बैठकीत."

भोक आणखी खाली न्यायला लाकूडच उरलं नव्हतं. सुताराची नजर भिंतीकडे गेली. त्यानं कापलेल्या तुकड्याला खालून दोन ठोकळे मारले आणि तो बाहेर झडपेसमोर ठेवला. बुटकीनं एक पाय ठेवला, अंदाज घेतला, दुसरा ठेवला आणि आत येऊन थेट बायकोच्या पायाशी पसरली.

रविवारी लेक आली ती दाराबाहेरच ठेचकाळली.

"बाबा, हे काय मध्येच ठेवलंय?"

"दारच आहे. जरा बाहेर आलंय."

तेवढ्यात झडपेतून बुटकी तिच्या पायांत घुसली. लेकीनं आत डोकावून पाहिलं. आई खुर्चीतून हललीसुद्धा नव्हती.

"आलीच आहेस तर," आई म्हणाली, "त्या पिशवीतली वाटी काढून जागेवर ठेव."