बाबांचं ‘नॉट अ बॉदर’

आई गेल्यावर बाबांना कराडहून आयर्लंडला, माझ्याकडे ॲथलोनला आणलं. इथं कुणी सहज ‘हाऊ आर यू?’ म्हटलं की बाबा थांबून खरंच सांगायला लागायचे. कंबर धरलीय, पोट साफ नाही, झोप लागत नाही. बसच्या ड्रायव्हरलासुद्धा. मागची रांग ताटकळायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग ते लायब्ररीतल्या इंग्रजी गप्पांच्या गटात जायला लागले. एक रिटायर्ड बाई रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी शिकवायच्या. शिकलेलं सगळं बाबा जेवताना माझ्यावर फेकायचे. “पोरी, ‘पुट अप विद’ म्हंजे सोसणं. तुझ्या आईनं मला जन्मभर पुट अप विद केलं बघ.” कपाटाला ते प्रेस म्हणायला लागले, दूध संपलं की ‘रन आउट’ झालं. सगळ्यात लाडकं मात्र ‘ग्रँड, नॉट अ बॉदर’. मस्त आहे, काही त्रास नाही. तब्येत विचारली की एवढंच म्हणायचं, रडगाणं गायचं नाही, ही इथली रीत बाबांना फार पटली. मान तिरकी करून ऐटीत म्हणायचे. मी कौतुकानं ऑफिसात सांगायची.

पुढं जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. मी डॉक्टरकडे नेलं, तर मला दाराबाहेर बसवलं. “मी बोलतो की. इंग्रजी शिकलोय कशाला?” लगेच बाहेर आले, खुशीत. “सांगितलं सगळं. काय न्हाई म्हणाला.” माझा जीव भांड्यात पडला. येताना आम्ही नदीकाठी आइस्क्रीम खाल्लं.

त्याच आठवड्यात बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चहा तसाच होता.

डॉक्टर घरी आले, माझा हात धरून बसले. म्हणाले, मी तब्येत विचारली, तर तुमचे बाबा म्हणाले ग्रँड, नॉट अ बॉदर. दम लागतो हे बोललेच नाहीत. मला डॉक्टरांचा राग आला नाही. त्या शब्दांचा आला, अजून येतो. ज्या माणसानं रस्त्यात भेटेल त्याला आपलं दुखणं सांगितलं, तो नेमका तिथं रीत पाळून आला.

कामावर जायला लागले त्या सकाळी बसच्या ड्रायव्हरनं विचारलं, ‘हाऊ आर यू?’ मी तिकीट हातात धरून उभी राहिले आणि सांगितलं, मी बरी नाही, माझे बाबा गेले, मला झोप लागत नाही. मागं रांग ताटकळत होती. मी सगळं सांगितलं.