गार हातांची कॅप्टन

परिपाठाची घंटा झाली की ती आमच्या रांगेतून पुढून मागे चालत यायची आणि प्रत्येकाचा हात क्षणभर धरून सोडायची. हात गार लागला की म्हणायची, "गार शे. मन्हा बी गार शे. उभी राहा." आणि पुढच्याकडे जायची. जिचा हात धरला तिला खरंच उभं राहता यायचं. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

ती आमच्या वाघूर हाऊसची कॅप्टन होती. नववीत. मी आठवीत.

तुमच्याही शाळेत हाऊस असतील. आमच्याकडे चार होती, चारही नद्यांच्या नावांची: तापी, गिरणा, पांझरा आणि वाघूर. पाचवीत आलं की पीटी सर खांद्यावर रंगीत पट्टी शिवून आणायला सांगत, आणि त्या दिवसापासून तुम्ही एकटे नसता. ऐकायला छान वाटतं. पण व्हरांड्यात मोठ्या सरांच्या केबिनबाहेर एक फळा होता, त्यावर रोज चारही हाऊसचे गुण लिहिले जायचे. एकीचं नख वाढलं, हाऊसचे गुण गेले. एकजण उशिरा आला, हाऊसचे गुण गेले. शनिवारी ज्या हाऊसचे गुण सगळ्यात कमी, त्यातला चुकलेला मुलगा पायरीवर उभा राहायचा आणि मागे त्याचं सगळं हाऊस मान खाली घालून. याला माफीची रांग म्हणत. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना, आणि मग त्या एकाला शिक्षा करायचं काम सगळ्यांनी आपणहून करायचं. सरांना हात उचलावाच लागत नव्हता. तापीचा कॅप्टन मधल्या सुटीत स्वतःच्याच हाऊसच्या पोरांना चिमटे काढायचा. गिरणावाल्यांनी एका मुलीशी महिनाभर बोलणं सोडलं होतं, कारण ती रिबन विसरली होती.

शिस्त म्हणायचे याला. मी भीती म्हणते. आणि शाळेत शिरताना ती मास्तरांची नसायची. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीची असायची.

तिला कॅप्टन केलं ते ती उंच होती आणि उलट बोलायची नाही म्हणून. भडगावकडच्या एका खेड्यातून जळगावला मामांकडे शिकायला आली होती. गावात सातवीपुढे शाळा नव्हती. मामांनी तिला एका अटीवर ठेवून घेतलं होतं, आणि ती अट आम्हाला सगळ्यांना माहीत होती, कारण ती स्वतःच सांगायची: शाळेतून एक जरी तक्रार घरी आली तरी बॅग भरायची आणि गावी. गावी गेल्यावर काय, ते ती सांगायची नाही. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न नववीच्या सुटीत झालं होतं, एवढंच एकदा म्हणाली.

त्यामुळे ती सगळ्याला भ्यायची. प्रयोगशाळेतल्या पालीला, शिट्टीला, बसच्या कंडक्टरला. सगळ्यात जास्त मोठ्या सरांच्या चपलांना. त्यांच्या चपलांचा चटचट आवाज जिन्यात आला की हिचा चेहरा पिठासारखा व्हायचा. एरवी ती शाळेतली मराठी नीट बोलायची, पण घाबरली की अहिराणीवर यायची. जळगावची पोरं तिच्या 'शे'ला, म्हणजे 'आहे'ला, हसायची. तापीवाले तर ती दिसली की म्हणायचे, "काय शे कॅप्टन, वाघूर आटनी का?" ती मान हलवायची, जणू त्यांनी खरंच पाण्याची चौकशी केली होती.

परिपाठ चालवायची पाळी दर आठवड्याला एकेका हाऊसची. आमची पाळी आली तेव्हा तिने माईक हातात घेतला आणि 'सावधान' म्हणायला तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. सगळी शाळा वाट पाहत होती. मग एकदम उचकी लागल्यासारखं "सावध" एवढंच बाहेर पडलं. शाळा हसली. ती थांबली, माईक दुसऱ्या हातात धरला, आणि उरलेलं "आन" म्हणाली. मग तीही हसली. मी तिला हसताना पाहिलं ते वर्षभरात दोन-तीनदाच.

माझं घर वेगळं होतं. आमच्याकडे पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा कामावरून आले की ती वाटायला निघायचे, कधी जयंतीची, कधी मोर्चाची, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. पहिलं वाक्य वाचलं तेच मुळी आज्ञार्थी होतं. त्यामुळे मी एका दुपारी ताईला (आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो) नळापाशी गाठलं आणि सांगितलं की हे गुण म्हणजे आपल्याला आपसात लढवायची युक्ती आहे, वाघूरने गुण नाकारावेत, शनिवारी माफीच्या रांगेत उभंच राहू नये.

तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"तुन्हं खरं शे," ती म्हणाली. "पण आधी नखं दाखव."

माझी नखं वाढली होती. तिने दप्तरातून नेलकटर काढला.

त्या दप्तरात काय नव्हतं. रिबनी, सुईदोरा, तुटलेल्या बटणांच्या जागी लावायला बटणं, खोबरेल तेलाची छोटी बाटली, ओला रुमाल. सकाळी ती सगळ्यांच्या आधी फाटकाशी येऊन उभी राहायची आणि वाघूरचं पोर दिसलं की ओढून कोपऱ्यात न्यायची. एकीची वेणी, एकाचं बटण, एकाच्या बुटाला रुमाल. चिमटा कोणाला नाही, शिवी कोणाला नाही. हात मात्र सारखे थरथरत. तिने लावलेलं बटण नेहमी थोडं वाकडं बसायचं. माझ्या एका फ्रॉकवर तसं एक अजून आहे.

असं करत करत वाघूर वर आलं. दिवाळीनंतर आम्ही माफीच्या रांगेत एकदाही उभे राहिलो नाही. मार्चमध्ये फळ्यावर आम्ही पहिले होतो. पण आनंद झाला नाही, भीतीच वाढली. खाली असताना पडायची भीती नव्हती.

वर्षभरात सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्या हाऊसला ढाल मिळायची. तिचा कार्यक्रम एप्रिलमध्ये होता. शाळा सकाळची. आठ वाजता प्रमुख पाहुणे येणार म्हणून आम्ही साडेसातपासून मैदानात उभे. तुम्ही खानदेशातले असाल तर एप्रिलचं ऊन सांगायला नको. पाहुणे आले नाहीत. नऊ वाजले, दहा वाजले. पीटी सरांनी शिट्टी वाजवून बजावलं होतं: जो रांग सोडेल त्याच्या हाऊसची ढाल गेली. नळ मागच्या बाजूला होते, दिसत होते. सर मांडवात होते, पंख्याखाली.

कोणीही हललं नाही. चार नद्या होत्या आणि घोटभर पाणी नव्हतं.

अकराच्या सुमाराला ती रांगेतून मागे येऊ लागली, हात धरत, सोडत. माझ्यापर्यंत ती पोचलीच नाही. माझ्या पुढे सोनल होती, सहावीतली, काडीसारखी, यावलहून त्याच वर्षी आलेली. ताईने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. मग दुसरा हात धरला. मग कपाळ.

तिने हात वर केला. पीटी सरांनी मांडवातूनच खूण केली: उभी राहा. तिने पुन्हा हात वर केला. सरांनी शिट्टी वाजवली.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई नाना हार घेऊन फाटकावर गेले होते, घंटेपाशी कोणी नव्हतं. मी तिला रांगेतून बाहेर पडताना पाहिलं. ती पळाली नाही. पावलं अशी टाकत होती जणू जमीन तापलेली आहे आणि पायात काही नाही. सगळी शाळा बघत होती. तिने लोखंडी दांडा उचलला, एकदा तो हातातून पडला, पुन्हा उचलला. आणि शाळा सुटल्याची लांब घंटा दिली.

शाळा सुटल्याच्या घंटेला पोरं विचार करत नाहीत. सगळी शाळा नळाकडे धावली. तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. पाहुणे उतरले तर मैदानात चार झेंडे रोवलेले आणि हार घेतलेले नाना. त्यांनी नानांच्याच हातून हार घालून घेतला आणि विचारलं, मुलं कुठं आहेत? नाना म्हणाले, पाणी पिऊ राहिली, साहेब.

सोनलला दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळी ती पोहे मागत होती, असं तिची मावशी सांगत होती.

ढाल तापीला गेली. आमचे सगळे गुण पुसले. आमच्याच हाऊसची काही पोरं ताईच्या तोंडावर म्हणाली की तिने घालवलं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सोबत मलाही. का, ते मला आत शिरताच कळलं. टेबलावर बाबांचं एक पत्रक होतं, बसस्टँडवर कोणालाही मिळतं तसं.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तिला हळू आवाजात म्हणाले की ती साधी मुलगी आहे, वर्षभर त्यांनी पाहिलंय, हे डोकं तिचं नव्हे. तिला कोणीतरी सांगितलं असणार. कोणी, तेवढं सांगावं. मग मामांना फोन करायचं कारण उरणार नाही. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, त्याची गरजच नव्हती.

आता तुम्हीच बघा. सगळ्या शाळेला तिचं भित्रेपण माहीत होतं, म्हणून ते तिच्याकडून घडलं यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. माझं नाव उच्चारायचीही गरज नव्हती. ती जळगावात राहून दहावी करणार की नाही, ते त्या मान हलवण्यावर होतं. आणि मी? नळापाशी एवढं बोलणारी मी टेबलाच्या कडेकडे बघत उभी होते. मला शाळेतून काढलं तर बाबा काय म्हणतील, आई काय म्हणेल, सगळं एकदम डोक्यात येत होतं.

टेबलाआड तिचा हात माझ्या हाताला लागला. तिने माझी बोटं धरली.

"गार शे," ती पुटपुटली, सवयीने.

"काय?" सर म्हणाले.

तिने सरांकडे पाहिलं. मला वाटतं, वर्षभरात पहिल्यांदाच.

"माले कोनी सांगं नई, सर. तिन्हा हात तपेल व्हता."

"नीट बोल."

"मला कोणी सांगितलं नाही. सोनलचा हात तापला होता." आणि थोडं थांबून म्हणाली, "घाबरेल माणसाचा हात गार असतो, सर. तो तसा नव्हता."

सरांनी फोन उचलला.

मामा मोटरसायकलवर आले. तासाभरात सगळं झालं. त्यांनी सरांसमोर हात जोडले, गलती झाली म्हणाले, आणि तिला म्हणाले, "चाल, दप्तर ले." जाताना तिने ते दप्तर व्हरांड्यात उघडलं, नेलकटर आणि तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली. रडली नाही. दात वाजत होते, त्या उन्हात.

नंतर मी मामांच्या घरी गेले. मामी दारातूनच म्हणाल्या, ती आता इकडं नसते. मेमध्ये बाबा आणि त्यांचे दोन सोबती तिच्या गावी गेले. घरच्यांनी चहा दिला आणि सांगितलं की पोरगी धुळ्याला मावशीकडे आहे, शाळेत जाते. कोणत्या शाळेत, ते कोणाला सांगता आलं नाही. बाबा परत आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि त्या संध्याकाळी पत्रकं वाटायला निघालेच नाहीत. त्यांना असं मी आधी पाहिलं नव्हतं. धुळ्यात आम्ही अजून विचारतो आहोत. कोणी ओळखत असेल तर तिचे हात थरथरतात आणि ती उंच आहे.

तिच्यावर पत्रक काढावं असं मला वाटत होतं. पण पत्रकातली माणसं निर्भय असतात. ती नव्हती. ती घंटेपर्यंत भीत भीत गेली आणि भीत भीतच परतली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पीटी सरांनी वाघूरला नवा कॅप्टन दिला, एक गप्प मुलगा. व्हरांड्यातला फळा नव्याने काळा केला होता. पहिला परिपाठ. रांगेच्या अगदी पुढची जागा, जिथून ती मागे चालत यायची, ती रिकामीच राहिली. नवा कॅप्टन त्या जागेच्या मागे उभा होता. पीटी सर म्हणाले, एक पाऊल पुढे सरका. कोणी सरकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेवढ्यात जिन्यात चपलांचा चटचट आवाज आला.

माझ्या पुढे सोनल होती. तिने वळून पाहिलं नाही. फक्त एक हात पाठीमागे केला, तळवा उघडा. मी तो धरला.

गार होता. माझाही गारच होता. आणि मग मागून कोणीतरी माझी बोटं चाचपत आलं.