लाल्याची बंडी

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात केसरकडे ब्लाऊज शिवायला टाकायचा म्हणजे मनाची तयारी लागते. ब्लाऊज घट्ट झाला अशी तक्रार घेऊन कुणी आली, की केसर तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळणार आणि सांगणार, माप बरोबर हाय, माणूस वाढलाय. डोक्यावर म्हावऱ्याची टोपली घेऊन हात वर केला तरी ब्लाऊज जागचा हलता कामा नये, ही तिची परीक्षा. तीस वर्षं बाई मशीनवर बसलीय, तोंड आणि पाय सारख्याच वेगाने चालवत.

अशा ह्या फटकळ बाईचा जीव अडकला होता एका तांबड्या कुत्र्यात. लाल्या त्याचं नाव. तिचा मुलगा निकेश उरणला कंपनीत लागला, घर खायला उठलं, आणि त्याच पावसाळ्यात हे पिल्लू मशीनखाली येऊन झोपलं ते कायमचंच. लाल्या वाड्यातल्या बोक्यांना घाबरत नसे, पोलिसाच्या गाडीला घाबरत नसे. फटाका वाजला की मात्र त्याची गाळण उडायची. गेल्या दिवाळीत गल्लीत माळ लागली आणि तो दोरी तोडून पळाला. तीन दिवस केसरच्या घशाखाली घास उतरला नाही. चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्याला, सदाला, तो खाडीपलीकडे साळावला रस्त्याकडेला सापडला. मागचा पाय गाडीखाली आलेला.

पाय बरा झाला, पण सदाचं मन काही थाऱ्यावर आलं नाही. नारळी पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली तशी त्याने सांगून टाकलं, की लाल्याला किहीमला बहिणीच्या वाडीत ठेवू या, कायमचं. मिरवणूक आपल्याच दारावरून जाणार, बँड असणार, माळा लागणार. केसर भांडायला उठली, तर तो खाली बघून म्हणाला, "परत त्याला रस्त्यावर पडलेला बघायची ताकद माझ्यात न्हाय." केसरने पहिल्यांदा आवाज खाली घेतला. एवढी पुनव जाऊ द्या, म्हणाली. पळाला तर मी सोता नेऊन सोडीन.

बोलून तर बसली, पण करायचं काय, हे तिला कुठे ठाऊक होतं!

त्याच आठवड्यात नागावला उतरलेली दिशा नावाची पुण्याची पोरगी दारात आली. तिच्या कुत्र्याच्या अंगातल्या बंडीचा पट्टा उसवला होता. कुत्र्याला ब्लाऊज बघून केसरने आधी पोटभर हसून घेतलं. दिशाने राग न धरता समजावलं, की छातीपोटाभोवती हलका, सारखा दाब राहिला की काही कुत्र्यांची भीती कमी होते. सगळ्यांची होतेच असं नाही. आणि बंडी आधीपासून सवयीची हवी. एवढं ऐकलं आणि केसरचं हसू थांबलं. पट्टा शिवून द्यायच्या आधी तिने वर्तमानपत्रावर बंडीचं कटिंग काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लाल्याची बंडी तयार. उरलेल्या खणाची, अस्तर लावून, अंगाला चोपून बसणारी. अंगात घातली आणि लाल्या जागच्या जागी उभा राहिला. भुंकणं नाही, हलणं नाही. बघा, कसा गरीब गाय झाला, असं केसर गल्लीभर सांगत सुटली. दोन दिवस हा कौतुकसोहळा चालला.

तिसऱ्या दिवशी तिची सासू गोदू काठी टेकत आली. म्हातारीने उभ्या हयातीत वाड्यातल्या कितीतरी बाळंतिणींची पोटं बांधलेली. ती लाल्याजवळ बसली, बंडीखाली बोट सारायला गेली, तर बोट शिरेना.

"केसरे, ह्यो शांत न्हाय झाला, ह्याचा दम कोंडलाय. पट्टा आधाराला बांधायचा असतो गो. दोन बोटं खाली गेलीच पायजेत."

केसरने झटक्यात हुक काढले. लाल्या धापकन बसला आणि लांब श्वास घेत राहिला. आपण ह्या मुक्या जिवाला दोन दिवस कोंडलं आणि वर मिरवलं, ह्याची तिला इतकी लाज वाटली की ती त्याच्या पाठीवर डोकं टेकून रडली. तीस वर्षांत ज्याच्यापुढे तिने माप चुकल्याचं कबूल केलं, असं हे पहिलंच गिऱ्हाईक.

मग तिने निकेशचा जुना, धुऊन मऊ झालेला टीशर्ट कापला. ताणला तर ताणणारा, सोडला तर अंगाशी राहणारा. हुकांऐवजी वेलक्रो. जेवायच्या वेळी रोज थोडा वेळ बंडी घालायची आणि सुक्या बोंबलाचा तुकडा द्यायचा. आठवडाभरात लाल्या बंडी बघून शेपूट हलवायला लागला.

पुनवेच्या दुपारी सगळा वाडा नटून दर्याला वाहायच्या सोन्याच्या नारळामागे निघाला. लग्न होऊन आल्यापासून केसरची ही मिरवणूक कधी चुकली नव्हती. ह्या वर्षी ती लाल्याला बंडी घालून, दार लोटून मशीनपाशी फरशीवर बसली. बँड जवळ आला. दाराबाहेर पहिली माळ फुटली आणि लाल्या थरथरायला लागला, दाराकडे धावला. केसरने त्याला धरलं नाही. नुसतं म्हणाली, मी हाय हितं. तो दाराशी थांबला, वळला, आणि येऊन तिच्या मांडीला अंग लावून बसला. थरथर होतीच, पण तो बसला. दुसरी माळ झाली, तिसरी झाली.

नारळ अर्पून माणसं पांगली तसा सदा घाईघाईने घरी आला. दार उघडताना आत काय दिसेल ह्याच धास्तीने त्याचा चेहरा उतरला होता. समोर लाल्या केसरच्या मांडीवर हनुवटी टेकून डोळे मिचकावत पडलेला. सदाने उंबऱ्यात वहाणा काढल्या. मग आत येऊन खाली बसला, बंडीखाली दोन बोटं घालून बघितली.

"ही धुवायला टाकशील तवा काय घालशील त्याला?" तो म्हणाला. "अजून एक शिव."

केसरने डोळे पुसले आणि टेप शोधायला उठली.