तीन नंबरचा ॲम्प्लिफायर

मोबाइल टॉवरवर काम करणाऱ्यांकडे किस्से साठतातच. आमचे मात्र चारचौघांत सांगायची सोय नाही. लोक विचारतात, "काय घेऊन चढता रे?"

आम्ही तिघं. कदम मॅडम लॅपटॉपवर, सावंत टॉवरवर, मी मध्ये धावपळीला. ॲम्प्लिफायर जोरात चालवला की सिग्नल वाकडा होतो. म्हणून सॉफ्टवेअर तो आधीच उलटा वाकवतं, म्हणजे बाहेर पडताना सरळ! त्यात एका टॉवरवर चार अँटेना, प्रत्येकीला आपला ॲम्प्लिफायर, आणि एकीची गळती दुसरीत. तीही निस्तरायची. एवढंच आमचं काम.

*

वेळणेश्वरला टॉवरशेजारच्या भागीरथीकाकूंची तक्रार. "तुमचा टॉवर सुरू झाला की माज्या रेडिओत आमचे हे खोकतात!"

काकांना जाऊन बरीच वर्षं झालेली.

मॅडम हसल्या नाहीत. "सिग्नल गळतोय, काकू. त्याचीच घरघर." दुपारपर्यंत चारही अँटेना ठीक केल्या. रेडिओ एकदम स्वच्छ!

आम्ही सामान भरत होतो, तर काकू गाडीपाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "थोडासा बिघडवून ठेवा ना."

*

सावर्ड्याला जळका ॲम्प्लिफायर काढून नवा कोरा बसवला. प्रत्येकाचा वाकडेपणा वेगळा, सॉफ्टवेअरला तो शिकायला वेळ लागतो. मॅडमनी जुनं शिकलेलं सगळं पुसलं आणि चालू केलं. पहिल्याच झटक्यात सरळ!

"असं होतच नाही," मॅडम म्हणाल्या.

सावंत जळक्या डब्याकडे बघत म्हणाला, "जाताना सांगून गेला असेल."

*

आणि हा देवरूखचा. सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळमाळावरचा टॉवर, भर दुपार, वारा पडलेला. तीन नंबरचा ॲम्प्लिफायर बंद केलेला, सावंत वर त्याच्या शेजारी. इकडे स्क्रीनवर तीन नंबरची रेघ हलायला लागली.

"बंद आहे ना तो?" मॅडम पुटपुटल्या. "मग हे काय सरळ करतंय?"

मी वर पाहिलं. सावंत हत्यारं तिथंच टाकून भराभर उतरत होता. त्याचा पाय सड्याला लागला आणि वर धाडकन आवाज! तीन नंबरचं झाकण आमच्यासमोर कातळावर येऊन आपटलं.

सावंत कातळावरच बसला. पाणी प्यायला, मग म्हणाला, "बरं झालं मॅडम, वॉकीवर हाक मारलीत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आमचा वॉकीटॉकी माझ्या हातात होता. बॅटरी संपलेली, मी ती बदलतच होतो.

"काय म्हणाले मी?" मॅडमनी विचारलं.

"'सावंत, तीन नंबर सोडा, खाली या,' असं. पहिल्यांदा आवाज पार वाकडा येत होता, काय ते कळेना. मग हळूहळू सरळ होत गेला."