ओरिजिनल हमीदभाई

महाळुंगे पडवळच्या एका लग्नात माईक माझ्या हातात होता. व्यासपीठावर पुढाऱ्यांची गर्दी झाली होती आणि कुणाचं नाव राहिलं तर जेवणाआधीच मारामारी व्हायची, म्हणून मी जिवाच्या आकांताने नावं घेत होतो. तेवढ्यात साउंडवाल्या पोराने मोबाईल माझ्या डोळ्यांसमोर धरला. हमीदभाई गेले... मी पुढचं नाव घेतलं. त्याच्या पुढचंही घेतलं. निवेदकाला थांबता येत नाही, हे मला हमीदभाईंनीच शिकवलं होतं.

आपल्या जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या धावपट्टीवर, ज्याने हमीदभाईंना ऐकलं नाही, त्याने घाट पाहिला असेल, पण ऐकलेला नाही. जुन्नरच्या बांगडीवाल्या मण्यारांच्या घरातला हा उंच, काटकुळा माणूस. माईकला रुमाल गुंडाळायचा, मान वर करायचा आणि गाडा सुटला रे सुटला की आरोळी द्यायचा. ‘आऽऽला’ म्हणून स्वर चढवायचा आणि मधेच तोडायचा. घाटावरचे सगळे श्वास रोखून उभे. मग वरच्या पट्टीत, फाटल्यासारखा, ‘रेऽऽ आला!’ त्या थांब्यासाठी माणसं लांबून यायची. बैल कुणाचे, हे दुसऱ्या दिवशी विसरायची.

साहजिकच नकला सुरू झाल्या. प्रत्येक गावात एक मान वर करणारा आणि मधेच थांबणारा तयार झाला. मग यात्रा कमिट्या फ्लेक्सवर छापू लागल्या, ‘ओरिजिनल हमीदभाई यांच्या आवाजात’. मी घाटावर त्यांच्याच शेजारी उभा राहून लोकांना हसवायचो, मला भारी गंमत वाटायची. म्हटलं, “भाई, आता तुम्ही ट्रॅक्टरच्या पार्टासारखे झालात. डब्यावर स्टिकर बघून घ्यायचं.” ते हसले नाहीत. म्हणाले, “राव, गावात एकच मिसळवाला असतो ना, तवा पाटीवर नुसतं मिसळ लिवतो. शेजारी दुसरा बसला की मग ओरिजिनल लिवतो. ह्यो शब्द खऱ्याचा न्हाई. भ्यालेल्याचा हाय.”

मी हा शब्द आयुष्यभर वापरत आलोय. तलाठ्याला ओरिजिनल उतारा लागतो, गॅरेजवाला ओरिजिनलची शपथ घेतो आणि आमच्या अवसरीत पोराने थोडा आगाऊपणा केला की आजी म्हणते, “लई ओरिजिनल कार्टं हाय.” पण ज्याला तो चिकटवलाय त्याला तो टोचतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

टोचण्याचं कारण त्यांनी आहुप्याच्या रस्त्यावर सांगितलं. एका कार्यक्रमाला निघालो होतो, चढावर गाडी गरम झाली म्हणून खाली उतरलो. “ह्याच चढावर अब्बा बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन यायचे,” ते म्हणाले. “मी मागं असायचो. खालूनच आरोळी द्यायचे, ‘बांगडीऽऽ’... आन् दम तुटायचा. दमा व्हता त्यांना. उभं राहून श्वास घ्यायचा, मग राहिलेलं ओरडायचं. बाया तेवढ्यावरच वळखायच्या, मण्यार आला म्हणून. हात धुऊन बसायच्या.” त्यांनी बॉनेट उघडलं. “लोक टाळ्या वाजवत्यात ना राव, ती माझ्या बापाची धाप हाय.”

पुढे त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. त्याआधीची शेवटची शर्यत आमच्या अवसरीची होती. चहा घेताना मला म्हणाले, “आज माईकवर सांगून टाकतो. आरोळी अब्बांची हाय. एकदा सगळ्यांनी ऐकलं की माझं काम झालं. मग गळा न्या, काय न्यायचा तो.”

त्यांनी रुमाल गुंडाळला. मान वर केली. “मंडळी, ही आरोळी माझी...” आणि आवाज तुटला. खराखुरा तुटला. घाटावर आधी शांतता झाली, नेहमीसारखी. सगळे पुढच्या स्वराची वाट बघत राहिले. मला त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, आवाज नव्हता. मग खालून एक शिट्टी आली, मागून दहा आल्या. लोक नाचायला लागले. “ओरिजिनल! याला म्हणत्यात ओरिजिनल!” त्यांनी माईक माझ्या हातात कोंबला. मी घसा खरवडून सांगितलं की भाईंचा आवाज गेलाय, ही त्यांच्या वडिलांची आरोळी आहे, दम्याची आहे. पण जन्मभर घाटावर चेष्टा करणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? जास्तच हशा पिकला. निशाण पडलं, गाडा सुटला. रुमालावर रक्ताचा ठिपका होता, तो त्यांनी घडीच्या आत घालून टाकला.

ऑपरेशननंतर ते घरी काचेची बांगडी स्टीलच्या पेल्यावर वाजवून वहिनींना हाक मारायचे. मी गेलो की माझ्यासाठीही वाजवायचे, जरा वेगळ्या ठेक्यात. शेवटी शेवटी तेही थांबलं.

ते गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घरी गेलो तेव्हा पेला आणि बांगडी खिडकीत तशीच होती. रुक्सानावहिनी चहा ओतत होत्या. गल्लीच्या तोंडाशी भाजीचा टेम्पो आला, स्पीकरवर रेकॉर्ड लावलेली. “टमाटेऽऽ”... आणि आवाज थांबला. वहिनींचा हात जागच्या जागी राहिला. चहाची धार तुटली. मशीनला श्वास लागत नाही, तरी ते नेमकं तेवढंच थांबलं, चढावर पेटी घेतलेल्या माणसाएवढं. मग वरच्या पट्टीत पुढचं आलं.

वहिनी पदर सावरत दारात गेल्या. मी मागे उभा. त्यांनी टेम्पोतल्या तरुणाला विचारलं, “दादा, ही आरोळी कुणाची?”

“आपली सोताची हाय मावशी,” तो छाती फुगवून म्हणाला. “एकदम ओरिजिनल.”

मी तोंड उघडलं. वहिनींनी मागे न बघता हाताने मला गप्प केलं.

“बंद करू नकोस,” त्या त्याला म्हणाल्या. “दे अर्धा किलो. पण आधी ते पुन्हा लाव.”