चाचीचा हात

मणेरीण चाची बांगड्या विकायला आली आहे, हे गिऱ्हाइकाला सगळ्यात शेवटी कळायचं. ती ओट्यावर टेकायची, पाणी मागायची आणि समोरचीचा हात हातात घेऊन माहेरच्या म्हशीपासून धाकट्याच्या खोकल्यापर्यंत सगळं विचारायची. बोलता बोलता हात कधी भरला, पत्ता लागत नसे. "बाई आकसून बसली की काच फुटती," ती म्हणायची. "आदी मानूस हसवायचं, मंग बांगडी चढवायची."

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नगरजवळच्या सावेडीतून लग्न होऊन मी संगमनेरजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा कामापलीकडे माझ्याशी कुणी बोलत नसे. चाची माल आणायला नगरला जायची. एकदा ती वाट वाकडी करून माझ्या आईकडे गेली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आली. "आई बरी हाय तुझी. गुडघा दुखतोय, पन त्ये तुला सांगू नको म्हनली," असं म्हणून तिने माझा हात दाबला. मी ढसाढसा रडले. त्यानंतर दुसऱ्या कुणाकडून बांगड्या भरायचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. गावातल्या बहुतेक घरांत अशी एखादी चटणी पोचलेली होती.

मजुरांच्या पोरींना ती फुकट भरायची, बाकीच्यांना एखादी बांगडी वर द्यायची. तिचा नवरा कुरकुरायचा, "अशानं धंदा बसंल." बसला नाही. स्वस्त माल घेऊन दुसरे मणेर येऊन गेले, बायकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आसपासच्या गावांतले लग्नाचे चुडे चाचीच भरायची. एका चुड्याला सगळी भावकी हात पुढे करी, आणि तिची वर्षाची भाकरी त्यावरच निघे.

मग तिचा नवरा वारला.

आमच्या गावच्या बायका फार प्रेमळ. सगळ्या जाऊन तिच्या गळ्यात पडून रडल्या. काही महिन्यांनी ती माल घेऊन बाहेर पडली, तेव्हा त्याच बायकांना नेमकी कामं निघाली. कुणाचं दूध उतू चाललं होतं, कुणाला भोवळ येत होती. विधवेच्या हातून सवाष्णीने बांगड्या कशा भराव्यात, हे मात्र तोंडावर कुणी म्हणेना. मी हात पुढे केला, तर सासूबाईंनी सगळ्यांदेखत मला आत हाकललं.

चाचीची सगळी आशा माझ्या नणंदेच्या, सुमनच्या लग्नावर होती. सुमन पाळण्यात असल्यापासून तिचे हात चाचीने भरले होते. तिचा चुडाही चाचीच भरणार, असं सासूबाईंनी स्वतः कैकदा कबूल केलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती हिरव्या बांगड्या घेऊन आली, तर आत दुसराच मणेर बसलेला. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"तुमच्यात चालत असंल चाची, आमच्यात न्हाई चालत. तुमी जेवून जावा, पन मांडवाभाईर बसा."

"इतकी वरसं ह्योच हात हुता की, अक्का."

"तवा त्यो सवाष्णीचा हुता."

आत सुमन हुंदके देत होती. चाची जेवली नाही. "पोरीला माज्याकडनं," म्हणून बांगड्या ओट्यावर ठेवल्या आणि गेली. सासूबाईंनी त्या गड्याकरवी उकिरड्यावर टाकल्या. गावातली उरलीसुरली दारंही त्या दिवसापासून बंद झाली.

वर्ष उलटायच्या आत माझे सासरे गेले. सासूबाईंच्या बांगड्या फोडायची वेळ आली, तशी भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "मणेरनीला बोलवा. तिचा हात हळू हाय, आन ह्या कामाला आता त्यो चालतोय बी." बोलवायला मलाच पाठवलं. मान खाली घालून गेले.

सासरे गेल्याचं ऐकून चाचीचे डोळे भरून आले. कशासाठी बोलावलंय ते मी सांगितलं, तेव्हा मात्र ते कोरडे झाले.

"अक्काला सांग, भरायला माझा हात चालत न्हाई, तर फोडायला बी न्हाई चालायचा. फोडायला दगूड हाय की."

दगडानेच फोडल्या. एक तुकडा सासूबाईंच्या मनगटात खोल शिरला. रात्री मी तो काढत होते, तेव्हा त्यांनी कण्हत विचारलं, "चाची का गं न्हाई आली?"

गावाला गेली होती, असं सांगता आलं असतं. मी तिचा निरोप सांगितला. एक शब्द गाळला नाही.