यादीतला थ

हिशेबाच्या काकू एकोणीस वर्षं एकाच खुर्चीवर बसत आल्या आहेत, आणि त्या खुर्चीचा उजवा हात त्यातली सोळा वर्षं डुगडुगतो आहे. दुरुस्त करून घ्या म्हटलं तर म्हणतात, राहू दे हो, तिला माझी सवय झालीय. दुकान आहे आजारी माणसांच्या घरी लागणाऱ्या वस्तू भाड्याने देणारं. वरखाली होणाऱ्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, श्वासाला मदत करणारी यंत्रं. पुढे गुडघ्याचे-कमरेचे पट्टे विकणारं शोरूम, मागे गोदाम आणि मधल्या चिंचोळ्या खोलीत काकू, त्यांचा कॉम्प्युटर आणि एक खिडकी, तीही गोदामातच उघडणारी. खाट बाहेर गेली की त्यांना दिसते आणि परत आली की तीही दिसते. परत आलेल्या खाटेकडे मात्र त्या बघत नाहीत. खाट दोनच कारणांनी परत येते आणि त्यातलं बरं कारण थोड्यांच्याच नशिबी असतं.

काकू गरीब गाय वगैरे आहेत असं कुणाला वाटत असेल तर ते आधीच डोक्यातून काढून टाकावं. पावतीवर तारीख नसली तर त्या ड्रायव्हरला अर्ध्या वाटेतून परत बोलावतात. आडदांड माणसं त्यांच्या दाराशी आली की शर्टाची बटणं लावून घेतात. पण याच काकू दुपारी फोन लावतात तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली येतो की गोदामातल्यांना वाटायचं, काकू माहेरी बोलताहेत.

थोरले मालक तीन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांच्या मुलीने कारभार हाती घेतला. सगळे तिला ताई म्हणतात, काकूसुद्धा. ताई आल्या तेव्हा एकेक बुकिंग तीन-तीनदा लिहिलं जात होतं. गिऱ्हाईक वेबसाइटवर लिहायचं, तेच बघून ड्रायव्हरांचे मुकादम म्हणजे भाऊ गाडीच्या मोबाइलमध्ये लिहायचे, आणि तेच पुन्हा काकू हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिघांच्या तीन तऱ्हा. एकदा पत्ता लिहिताना घोटाळा झाला आणि चाकाची खुर्ची रोज पहाटे दहा किलोमीटर पळणाऱ्या एका गृहस्थांच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, एवढंच नशीब.

म्हणून ताईंनी ठरवलं की वेबसाइट, गाड्या, गिऱ्हाइकांना जाणारे मेसेज आणि काकूंचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, हे सगळं क्लाउडवरच्या एका प्लॅटफॉर्मला जोडून टाकायचं. एकीकडे लिहिलं की बाकी सगळीकडे ते आपोआप पोचेल. जोडायला जे गृहस्थ आले ते पन्नाशीचे, डोक्यावर मोजून चार केस, चष्मा गळ्यात लटकवलेला. मी सिस्टिमचे सांधे जोडतो, अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. गुडघ्याचे पट्टे विकणाऱ्या दुकानात असं बोलू नये. त्या दिवसापासून ते सांधेवाले झाले, आणि दुसऱ्या दिवशी एक आजीबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि पाय पुढे करून म्हणाल्या, हा डावा बघा आधी. त्यांनी बिचाऱ्यांनी तो बघितला आणि रोज थोडं चालत जा म्हणून सांगितलं.

पहिल्याच सकाळी सांधेवाल्यांनी काकूंकडे सॉफ्टवेअरची चावी मागितली. काकूंनी पर्समधून जुडगा काढला आणि विचारलं, कुठलं कपाट? ही चावी म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, ती दाखवली की एक सॉफ्टवेअर दुसऱ्याला घरात घेतं, हे सांधेवाल्यांनी जराही न हसता समजावून सांगितलं. काकूंना माणूस तिथेच आवडला.

मग रकाने जुळवायचं काम सुरू झालं. पडद्यावर डावीकडे काकूंचे रकाने, उजवीकडे प्लॅटफॉर्मचे, आणि इकडचा कुठला तिकडच्या कुठल्याला जोडायचा ते एकेक करून ठरवायचं. तीन दिवस दोघांची छान गट्टी जमली. एकच रकाना असा होता की तो जवळ आला की काकू पाणी प्यायला उठायच्या. रकान्याचं नाव 'खूण'. बहुतेक नावांपुढे तो रिकामा, आणि बत्तीस नावांपुढे त्यात एकच अक्षर होतं, थ.

त्या थसाठी एकोणीस वर्षं मागे जावं लागेल. काकूंच्या यजमानांना फुप्फुसाचा आजार झाला आणि त्यांच्यासाठी याच दुकानातून खाट आणली होती. आठ महिने ती घरात होती. ते गेले, तरी खाट तिथेच राहिली. काकूंना ती परत करवेना आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. दर महिन्याचं भाडं चढत होतं, आणि घरात फोन वाजला की त्यांना वाटायचं, बिलासाठीच असणार. एक दिवस खरंच दुकानातून फोन आला. थोरले मालक स्वतः बोलत होते. म्हणाले, "बिलासाठी फोन नाही केला. जेवलात का?"

काकू जेवल्या नव्हत्या. आदल्या दिवशीही नव्हत्या. तोपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं, सगळे धीर द्यायला यायचे. त्या फोनवरच रडल्या. पुढे दीड महिन्याने त्या स्वतः खाटेबरोबर टेम्पोत बसून दुकानात आल्या आणि पर्स उघडून उभ्या राहिल्या. मालकांनी वही उघडली, यजमानांच्या नावापुढे थ काढला आणि म्हणाले, थांबा, घाई नाही. मग त्यांनी विचारलं की हिशेब लिहिता येतो का. लग्नाआधी काकूंनी एका छापखान्यात चार वर्षं वह्या लिहिल्या होत्या. पुढच्या सोमवारी त्या या खुर्चीवर बसल्या, तेव्हा तिचा हात अजून धड होता.

पहिल्या पगारातून त्या खाटेचं भाडं द्यायला गेल्या तर मालक म्हणाले, थांबा. पाच वर्षांनी पुन्हा गेल्या तर म्हणाले, थांबा म्हटलं ना एकदा. वह्या जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा काकूंनी ते खातंही सगळ्यांबरोबर त्यात चढवलं, थसकट. आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या प्रत्येक घरापुढे त्या थ घालू लागल्या. थ म्हणजे थांबा. त्या घराला बिल जायचं नाही, आठवण जायची नाही. काकू दुपारी स्वतः फोन करायच्या, आणि ते घर सावरलं आहे असं वाटलं की थ पुसायच्या. दोन-तीन बिलं बुडाली असतील एवढ्या वर्षांत. बाकीच्यांनी आपणहून येऊन भरली.

हे सगळं सांधेवाल्यांना सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण थ सांगायचा तर यादीतलं पहिलं नाव सांगावं लागणार, आणि दुसऱ्यांच्या पावतीवरची तारीख सोडत नाही अशा बाईचंच बिल एकोणीस वर्षं राहिलंय हे ताईंना कळणार. म्हणून काकू पाणी पीत राहिल्या. एकतीस घरांचा थ नव्या व्यवस्थेत टिकेल ना, या काळजीने त्यांना तीन दिवस जेवण गोड लागलं नाही, तरी त्या मूग गिळून बसल्या.

चौथ्या दिवशी काकू बँकेत गेल्या असताना सांधेवाल्यांनी भाऊंना विचारलं की हा थ कसला. भाऊंना एखादी गोष्ट माहीत नाही असं आजवर झालेलं नाही. ते म्हणाले, थ म्हणजे थकबाकी, दुसरं काय असणार. सांधेवाले कामाला चोख, त्यांनी लगेच पडताळून पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस खात्यांवर खरोखरच बाकी होती. त्यांनी 'खूण' हा रकाना 'थकबाकीदार' या रकान्याला जोडून टाकला. अशांना आपोआप जाणारा मेसेज ताईंनी आधीच लिहून ठेवलेला होता. सरळ, खणखणीत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ताई आणि भाऊ काकूंच्या खोलीत येऊन उभे राहिले, कारण जोडणीची चाचणी होती. सांधेवाले म्हणाले, आधी एकच मेसेज पाठवून बघू, सगळ्यात जुन्या खात्याला. बाकीचे एकतीस बारा वाजता आपोआप सुटतील. त्यांनी कळ दाबली आणि काकूंच्या पर्समध्ये फोन वाजला. नंबर बदलला की तो खात्यावर बदलायचाच, हा काकूंचा शिरस्ता, आणि स्वतःच्या खात्याला त्यांनी सूट दिली नव्हती.

मेसेज यजमानांच्या नावाने होता. पुढे श्री., मागे आडनाव. त्या नावाने कुणी काही पाठवल्याला कितीतरी वर्षं झाली होती. त्याखाली लिहिलं होतं की आपली थकबाकी सहा हजार नऊशे बारा दिवसांची असून ती त्वरित भरावी, अन्यथा खाट ताब्यात घेण्यात येईल.

काकूंनी तो दोनदा वाचला. स्वतःचं त्यांना फारसं वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे आली ती यादीतली शेवटची बाई, जिचा नवरा गेल्या मंगळवारी गेला आणि जी काल फोनवर फक्त एवढंच म्हणाली होती की खाटेवरची चादर अजून बदलली नाही. बारा वाजता तिचाही फोन वाजणार होता. इतके दिवस जपलेला संकोच कुठल्या कुठे गेला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "थ म्हणजे थांबा. थकबाकी नाही. ही सगळी माणूस गेलेली घरं आहेत."

सांधेवाल्यांनी लगेच बाराची ती पाठवणी रद्द केली, दोनदा खात्री केली, आणि मगच मान वर केली. एकतीस घरं वाचली. काकूंचा जीव भांड्यात पडला आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. टेम्पो, वही, पहिला पगार, आणि तो फोनसुद्धा. आपली चूक आहे, मी पाण्याला उठत होते, असं त्या म्हणाल्या. सांधेवाले म्हणाले, चूक माझी, ज्यांचं अक्षर त्यांनाच विचारायला हवं होतं. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, मला माहीत नव्हतं.

पण अडचण संपली नव्हती. प्लॅटफॉर्मला नुसतं थांबा सांगून भागत नाही, किती थांबायचं तेही सांगावं लागतं. सांधेवाल्यांनी विचारलं, पंधरा दिवस धरू की तीस? काकू म्हणाल्या की ते घरावर असतं. एका बाईने चौथ्या दिवशी सांगितलं होतं, घेऊन जा ती खाट, बघवत नाही. एका आजोबांना सात महिने लागले, ते रात्री त्या खाटेवरच झोपायचे. फोन केल्याशिवाय कळत नाही.

सांधेवाल्यांनी चष्म्याची काडी बराच वेळ चावली. मग म्हणाले, दिवस घालूच नका. त्यांनी जोडणी मधोमध तोडली आणि तिथे एक थांबण्याची जागा केली. नावापुढे थ दिसला की प्लॅटफॉर्म मेसेज पाठवणार नाही, बिलही नाही. ते नाव काकूंच्या पडद्यावर येऊन उभं राहील. काकूंनी फोन करायचा आणि मग दोनपैकी एक कळ दाबायची, 'सावरले आहेत' किंवा 'अजून थांबा'. माणसाने कळ दाबल्याशिवाय ते नाव पुढे सरकणार नाही. हे करायला त्यांना पावणेदोन तास लागले आणि त्याचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत. काकूंना वाटलं, या माणसाचे पाय धरावेत. धरले असते तर याही गुडघा दाखवायलाच आल्या असं त्यांना वाटलं असतं, म्हणून त्या नुसतं म्हणाल्या की तुमचे फार उपकार झाले.

तुम्ही रजेवर असाल तेव्हा फोन कोण करणार, असं सांधेवाल्यांनी काम आवरता आवरता विचारलं. कुणी बोलायच्या आत ताई म्हणाल्या, मी करीन, काकू शिकवतील मला. एवढा वेळ त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आपणच लिहिलेला तो खणखणीत मेसेज काकूंच्या फोनवर पुन्हा पुन्हा वाचत होत्या. त्यांनी फोन काकूंना परत दिला.

नवी यादी पडद्यावर आली. बत्तीस नावं, आणि सगळ्यात वर काकूंच्या यजमानांचं. काकू खाली बघत म्हणाल्या, ताई, हे एक तेवढं आज मिटवून टाकते, मला फार वर्षं झाली. ताईंनी स्वतःचा फोन काढला, पडद्यावरचा नंबर बघून एकेक आकडा दाबला, आणि समोरच बसलेल्या काकूंच्या हातात फोन वाजला. काकूंनी वेड्यासारखा तो उचलून कानाला लावला.

"बिलासाठी फोन नाही केला, काकू," ताई म्हणाल्या. "जेवलात का?"

सव्वा वाजून गेला होता. सांधेवाले उगाचच वायरी गुंडाळत राहिले.

"अजून नाही," काकू म्हणाल्या.

ताईंनी पुढे होऊन 'अजून थांबा'ची कळ दाबली आणि काकूंचा डबा उचलला. भाऊंनी आणखी दोन खुर्च्या आत आणल्या.